बंदुकीची हलती माशी

पाच गोळ्या झाडल्या होत्या आणि कागदावर दोन टोळकी जमली होती. डावीकडे तीन भोकं, उजवीकडे दोन, मध्ये पाऊण इंचाची मोकळी जागा. एनसीसीच्या वार्षिक कॅम्पमधला तो माझा पहिलाच फायरिंगचा दिवस. पंचवीस यार्डांचं रेंज, पॉइंट टू टू रायफल, आणि आमच्यावर एक हवालदार उस्ताद. नेमबाजीत मी काही फार मोठा नव्हतो, पण एवढं कळत होतं की हात थरथरला तर भोकं विखुरतात, दोन घरं करून राहत नाहीत. उस्तादांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग रायफल उचलली. ती उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि नळीच्या टोकाशी अंगठा नेऊन जरासा दाबला. अगदी बारीक ‘टक’ असा आवाज आला. ‘‘पोरा, तुझा हात नाय हलत. माशी हलतीय.’’

मराठीत बंदुकीच्या नळीच्या टोकावर जो उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. जुन्या ठासणीच्या बंदुकांवर पितळेचा एक ठिपका असायचा, लांबून बघितलं तर खरंच नळीवर माशी बसल्यासारखा. फौजेत तिला फोरसाइट म्हणतात, आणि मागे डोळ्याजवळ जी खाच असलेली पट्टी असते तिला बॅकसाइट. नेम धरायचा म्हणजे मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणायचं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण या रेषेची दोन टोकं लोखंडाच्या दोन छोट्या तुकड्यांनी पकडलेली असतात, आणि ते तुकडे नळीला कशाने तरी अडकवलेले असतात, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. ते अडकवणं ढिलं झालं की पुढचा सगळा नेमबाजीचा अभ्यास फुकट.

आमच्या हातातली ती पॉइंट टू टू म्हणजे थ्री नॉट थ्रीचीच धाकटी बहीण होती. बाहेरून तोच लाकडी दस्ता, तोच बोल्ट, तसेच साइट. फक्त नळी बारीक काडतुसाची आणि गोळी एकेक करून भरायची. थ्री नॉट थ्री म्हणजे ली-एनफील्ड. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या जेम्स पॅरिस ली याचा बोल्ट आणि लंडनच्या उत्तरेला असलेल्या एनफील्डच्या सरकारी कारखान्याची नळी, असं हे लग्न १८९५ मध्ये लागलं. १९०७ मध्ये तिची ‘मार्क थ्री’ नावाची आखूड आवृत्ती आली, आणि आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे थ्री नॉट थ्री म्हटल्यावर जी रायफल उभी राहते, ती हीच. हुगळीकाठच्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ती वर्षानुवर्षं बनली. तिची काडतुसं आपल्या खडकीत बनत. १८६९ पासूनच्या त्या कारखान्याची ‘के एफ’ ही इंग्रजी अक्षरं काडतुसाच्या बुडाशी उठवलेली असत, आणि जुन्या रेंजच्या मातीत ती पितळी टोपणं अजूनही सापडतात. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला. शंभर वर्षांहून जास्त चाकरी. इतकी वर्षं वापरलेल्या कुठल्याही यंत्राचे सांधे हलणारच. आजीच्या शिलाई मशीनचेही हलतात.

आता हलण्याचा हिशेब. मार्क थ्रीमध्ये मागची खाच आणि पुढची माशी यांच्यात साधारण साडेएकोणीस इंचांचं, म्हणजे अर्ध्या मीटरला किंचित कमी अंतर असतं. माशी अर्धा मिलिमीटर बाजूला सरकली, तर अर्ध्या मीटरवर अर्धा मिलिमीटर, म्हणजे एका मीटरवर एक, म्हणजे शंभर मीटरवर शंभर मिलिमीटर. दहा सेंटीमीटर! तीनशे मीटरवर तीस. वहीच्या पुठ्ठ्याच्या जाडीपेक्षाही कमी ढिलेपणा, आणि माणसाच्या छातीएवढं लक्ष्य हुकतं. माझ्या पंचवीस यार्डांच्या कागदावर याच अर्ध्या मिलिमीटरने सव्वादोन सेंटीमीटरची दरी पाडली असती. पाऊण इंच म्हणजे एकोणीस मिलिमीटर, तेव्हा माशीचा खेळ अर्ध्याहूनही जरा कमीच असणार. हे मी पुढे कॉलेजात त्रिकोणमिती शिकल्यावर मांडून पाहिलं. उस्तादांना ते अंगठ्यानेच कळलं होतं.

हा अर्धा मिलिमीटर इतिहासातही नडला आहे. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं, तेव्हा इंग्लंडमध्ये इम्पीरियल योमनरी नावाची स्वयंसेवक घोडदळाची पथकं उभी राहिली आणि त्यांना नव्याकोऱ्या ली-एनफील्ड रायफली मिळाल्या. चाचणीत आढळलं की पाचशे यार्डांवर त्या अठरा इंच उजवीकडे मारतात. पाचशे यार्ड म्हणजे अठरा हजार इंच. हजारात एक इतकी चूक. साइटवर मोजलं तर ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच येते. तिथे साइट ढिले नव्हते, बसवतानाच चुकलेले होते. माझ्या मते चुकलेलं साइट परवडतं, ढिलं परवडत नाही. चुकलेलं साइट दर वेळी सारखंच चुकतं. अठरा इंच डावीकडे धरलं की झालं. ढिलं साइट मात्र एका गोळीला खरं बोलतं आणि दुसऱ्या गोळीला खोटं, आणि कोणती गोळी कुठली ते कळायला मार्ग नसतो.

माशी बसवलेली कशी असते? नळीच्या टोकावर एक पोलादी ठोकळा खिळीने पक्का केलेला असतो. त्या ठोकळ्याच्या माथ्यावर आडवी खाच कापलेली असते, वर अरुंद आणि खाली रुंद. सुतार लाकडाच्या पेटीचे कोपरे ज्या आकारात अडकवतात तोच हा डव्हटेल. माशीचा पाया त्याच आकाराचा असतो आणि तो बाजूने ठोकून आत सरकवायचा. वर उचलली जाणार नाही, पुढे-मागे जाणार नाही, फक्त डावी-उजवीकडे सरकेल. तेवढी सरकायची मुभा मुद्दाम ठेवलेली असते, कारण कारखान्यात प्रत्येक रायफल झाडून पाहायची आणि माशी केसभर इकडे-तिकडे करून तिचा मार मध्यावर आणायचा, याला झीरो करणं म्हणतात. झीरो झाला की माशीच्या पायावर आणि ठोकळ्यावर मिळून एक बारीक रेघ कोरायची आणि सांध्यावर पंचने टिंब मारून धातू दाबायचा, म्हणजे ती परत हलणार नाही. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड केलेल्या कुणालाही विचारा. डव्हटेलचा नर-मादी जॉब फाइलने घासून बसवताना उजेड आरपार दिसू नये म्हणून किती घाम गळतो ते तो सांगेल. इथे सगळी पकड त्या घट्ट बसण्यावर आहे. ना नट, ना बोल्ट, नुसतं घर्षण.

मग हे घर्षण हरतं कशाने? पहिला संशय धक्क्यावर जातो, आणि तो खराच आहे. थ्री नॉट थ्रीची गोळी सुमारे सव्वाअकरा ग्रॅमची आणि नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या जवळ. गोळी नळीत असते तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडासाच जास्त. तेवढ्यात सुमारे चार किलोची रायफल मागच्या दिशेला सेकंदाला दोन-अडीच मीटरचा वेग पकडते. ढोबळ गणित केलं तर त्या क्षणी रायफलच्या प्रत्येक भागावर गुरुत्वाकर्षणाच्या दीडशे-दोनशे पट जोर येतो. दहा ग्रॅमची माशी तेवढा वेळ दीड-दोन किलोची असल्यासारखी वागते. नशिबाने हा जोर नळीच्या दिशेत असतो आणि डव्हटेल आडवा, त्यामुळे माशी सरळ निसटत नाही, खाचेच्या भिंतीवर आपटते. पण हजारो वेळा आपटून भिंत अतिसूक्ष्म प्रमाणात झिजते आणि एकदा जागा झाली की आडवं सरकणं सोपं होतं.

पण आमच्या पॉइंट टू टूला धक्का तो काय? मी हे विचारलं तेव्हा उस्ताद हसले. ‘‘गोळीनं नाय, तुमच्या हातानं ढिली झालीय.’’ एक रायफल रोज वीस पोरांच्या हातांत जाते. कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, निघताना रॅकवर आपटते, परेडला दगडावर टेकते, साफसफाईच्या वेळी कुणी चिंदीने माशीच घासत बसतो आणि वर तेलाची धार सोडतो. थ्री नॉट थ्रीच्या नाकाडावर माशीच्या दोन्ही बाजूंना जे दोन कान उभे असतात, ते याच आपटण्यापासून तिला वाचवायला. तेल मात्र त्या कानांना जुमानत नाही. ज्या सांध्याची सगळी भिस्त घर्षणावर, त्यात तेल मुरवणं म्हणजे चोराला चावी देणं. यात गंजाचाही एक कावा आहे. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे गंजलेला सांधा उलट घट्ट वाटतो. वर्षानुवर्षं न हललेली माशी कुणीतरी कौतुकाने घासूनपुसून लख्ख करतं आणि गंज गेल्यावर आतला खेळ उघडा पडतो. लोक म्हणतात, साफ केली आणि बिघडली. बिघडलेली ती आधीच होती.

मागच्या साइटची गोष्ट वेगळी. तिथे हलणारे भाग जास्त. नळीवर एक पाटा, त्यावर पुढच्या बाजूला बिजागरीने जोडलेलं पान, पानावर सरकणारा घोडा, आणि पानाच्या मागच्या टोकाला खाच. पानावर दोनशेपासून दोन हजार यार्डांपर्यंतचे आकडे. दोन हजार यार्ड! आज हसू येतं, पण तेव्हा पलटणीने मिळून लांबवरच्या जमावावर गोळ्यांचा पाऊस पाडायचा अशी कल्पना होती. सुरुवातीच्या रायफलींना बाजूला आणखी एक साइट असायचं, ते तर २८०० यार्डांपर्यंत जायचं. पहिल्या महायुद्धाच्या घाईत ते काढून टाकलं, आणि मागचं साइट डावी-उजवीकडे सरकवण्याचा स्क्रूही काढला. खर्च वाचला, वेळ वाचला, आणि माझ्या मते ढिलं होण्याची एक जागाही कमी झाली.

या पानाच्या बिजागरीची खीळ झिजली तर काय होतं ते घरच्या दारावर बघता येतं. बिजागरीशी दोऱ्याएवढा खेळ असला तरी दाराची कडा चांगली बोटभर वर-खाली होते. तसंच इथे. खिळीशी केसभर, तर खाचेशी त्याच्या कितीतरी पट. वर-खाली हलण्याची फार चिंता नको. पानाखाली एक सपाट स्प्रिंग असते, ती पान दर वेळी खाली दाबून धरते. डावी-उजवीकडच्या खेळावर मात्र स्प्रिंगचा इलाज नाही. आणि ही स्प्रिंग ज्या स्क्रूने बसवलेली असते तोच स्क्रू ढिला होण्याची सवय फार जुनी.

स्क्रू आपोआप का सुटतात, हा प्रश्न दिसतो तेवढा बाळबोध नाही. बुलेट मोटारसायकलच्या नंबर प्लेटचे नट, पंख्याच्या पात्यांचे स्क्रू, ट्रॅक्टरच्या मडगार्डचे बोल्ट, सगळ्यांची हीच तक्रार. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवून दिलं की स्क्रूला त्याच्या अक्षाच्या दिशेने ओढणारे धक्के तेवढे घातक नसतात, आडवे धक्के घातक. कारण असं: स्क्रूचा आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला घाटाचा उतार. त्या उतारावरून घसरून स्क्रू सुटू पाहतो, पण घर्षण त्याला धरून ठेवतं. आडव्या धक्क्याने आटे एकमेकांवर क्षणभर जरी सरकले, तरी त्या क्षणी घर्षणाची सगळी ताकद त्या सरकण्याला विरोध करण्यात खर्च होते आणि उताराच्या दिशेला अडवायला काही उरत नाही. स्क्रू त्या क्षणात केसभर उलटा फिरतो. असे हजार क्षण झाले की हातात येतो. म्हणूनच नुसता आणखी जोर लावून आवळणं हा कायमचा उपाय ठरत नाही. उलट जुन्या रायफलीच्या स्क्रूचं तोंड बारीक खाचेचं असतं. चुकीचा, गोल कडांचा पेचकस लावून जोर केला की ती खाच फाटते आणि पुढच्या माणसाला ड्रिल मशीन काढावं लागतं.

तर दुरुस्तीकडे वळू. आपल्या देशात शस्त्राची दुरुस्ती करायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि थ्री नॉट थ्री तर सामान्य नागरिकाला मिळतच नाही, ती प्रतिबंधित बोअरमध्ये येते. म्हणून खालचं जे आहे ते घरी करायची कृती म्हणून वाचू नका. पण चांगला आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर, काय करतो आणि वाईट काय करतो, हे कळण्यासारखं आहे. आणि खेड्यापाड्यांत रानडुकरांपासून पीक राखायला ज्यांच्याकडे परवान्याची पॉइंट थ्री वन फाइव्ह आहे, त्यांना तर ते कळलंच पाहिजे. ईशापूरची ती शिकारी रायफल ली-एनफील्डच्याच हाडांवर उभी आहे. लष्करी काडतूस नागरिकांच्या बंदुकीत चालू नये म्हणून तिला वेगळ्या मापाची नळी दिली, एवढंच.

चांगला आर्मरर आधी काही दुरुस्त करत नाही, खूण करतो. आमच्या उस्तादांनी तेच केलं. खिशातून खडू काढला, टोक घासून धार केली आणि माशीच्या पायावरून ठोकळ्यापर्यंत एक सलग रेघ ओढली. मग मला सांगितलं, ‘‘मार आणखी पाच.’’ पाच मारल्या. रेघ मधोमध तुटली होती. आता वादच संपला. ही खूण नसेल तर माणूस महिनोन्महिने दारूगोळ्याला, वाऱ्याला, चष्म्याला दोष देत बसतो. दस्त्याच्या लाकडाला तर हमखास. लाकडाचा संशय अगदीच खोटा नसतो. थ्री नॉट थ्रीची नळी लाकडाला कुठे टेकते यावर तिचा मार बदलतो, आणि दमट हवेत लाकूड फुगतं. पण लाकडाने मार हळूहळू, एका दिशेला सरकतो. दोन टोळकी पडली की आधी साइट बघावं.

खूण झाल्यावर माशी बाहेर काढून सांधा तेलापासून मोकळा करायचा. अ‍ॅसिटोनने पुसून कोरडा. कित्येकदा एवढ्यानेच ती पुन्हा बऱ्यापैकी घट्ट बसते. नाही बसली तर झीज कुठे आहे ते भिंगाने बघायचं. आणि इथे कारागिराची परीक्षा आहे.

वाईट कारागीर हातोडी आणि सेंटर पंच घेऊन ठोकळ्याच्या ओठांवर टिंबांची रांग मारतो. टिंबाभोवती धातू उसळतो आणि माशीला धरतो. झालं काम, द्या पैसे. पण ती पकड दोन-चार सूक्ष्म टोकांवर असते. ती टोकं शे-पन्नास गोळ्यांत चेपतात. मग पुन्हा टिंब, आणखी टिंब. अशा रायफली मी पाहिल्या आहेत, ठोकळ्याचे ओठ देवीच्या व्रणांनी भरल्यासारखे. ठोकळा नळीला पक्का असतो, तो बदलायचा म्हणजे नळीशी खेळ. माशी मात्र सुटी, स्वस्त आणि बदलता येण्यासारखी. म्हणून घाव घालायचा तर माशीच्या पायाच्या खालच्या बाजूला, जिथे तो दिसतही नाही. तिथला धातू उठवून पाया जरासा जाड करायचा आणि फाइलने घासत घासत बसवायचा. याहून चांगलं म्हणजे नवी, किंचित मोठ्या पायाची माशी घेऊन ती घासून बसवणं. सरकारी आर्मररकडे माशी सरकवायला सी-क्लॅम्पसारखं एक स्क्रूचं अवजार असतं. ते हातोडीसारखा घणाघात करत नाही, केसाकेसाने ढकलतं. ज्याच्या हत्यारपेटीत ते अवजार आहे त्याच्या हाती बंदूक द्यायला हरकत नाही.

मधला एक जुगाड जगभर चालतो: सांध्यात पातळ पत्र्याची पट्टी. पितळेची पाच-दहा शतांश मिलिमीटरची पट्टी सगळ्यांत बरी. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो, आणि तोही लोकांनी वापरून पाहिला आहे. चालतो, पण अ‍ॅल्युमिनियम मऊ. दबून दबून पुन्हा जागा होते. पट्टी पायाच्या खाली घातली की माशीची उंची वाढते हे विसरायचं नाही, आणि उंच माशी म्हणजे गोळी खाली. ली-एनफील्डच्या माशा पंधरा सहस्रांश इंचाच्या फरकाने लहान-मोठ्या बनत, कारण मार्क थ्रीवर तेवढ्या एका पायरीने शंभर यार्डांवर सुमारे सात सेंटीमीटरचा फरक पडतो. बाजूचा नियमही उलटा: मागची खाच ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला गोळी जाते, पुढची माशी सरकवाल त्याच्या विरुद्ध बाजूला. गोळ्या डावीकडे पडतात म्हणून माशी उजवीकडे सरकवणारे शहाणे दर कॅम्पमध्ये एखादा तरी भेटतो. मीही त्यातलाच होतो.

स्क्रूसाठी आणि जेमतेम ढिल्या सांध्यासाठी आज सगळ्यांत चांगला उपाय बाटलीत मिळतो. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये एक चिकट द्रव तयार केला, तोच पुढे लॉकटाइट म्हणून जगभर गेला. त्याची गंमत अशी की हवा लागत असेपर्यंत तो पातळच राहतो. इतर गोंद हवेत सुकतात, हा हवेवाचून घट्ट होतो. आट्यांच्या फटीत गेला, प्राणवायू तुटला आणि लोखंडाचा स्पर्श झाला की त्याचे रेणू साखळ्या करून कडक होतात. म्हणूनच त्याची बाटली कधी काठोकाठ भरलेली नसते. आत हवा राहिली नाही तर बाटलीतच दगड होईल. त्यातला मध्यम ताकदीचा प्रकार घ्यायचा, म्हणजे पुढे गरज पडली तर साध्या पेचकसाने सुटतो. जास्त ताकदीचा लावला तर सोडवायला आधी आच द्यावी लागते, आणि जुन्या रायफलीच्या बारीक स्क्रूंना तो त्रास कशाला? एक दिवस तसंच ठेवायचं, मग रेंजवर.

पानाच्या बिजागरीला मात्र गोंद लावून भागत नाही, तिथे हालचाल हवीच. खिळीचं भोक रीमरने एकसारखं गोल करून किंचित जाड खीळ घालायची. नवीन पान टाकणं सोपं, पण मार्क थ्रीच्या पानाच्या पोटावर रायफलीचा क्रमांक कोरलेला असतो. पान बदललं की ती जोडी मोडली. संग्रहालयात किंवा पलटणीच्या क्वार्टरगार्डमध्ये ठेवायच्या रायफलीचं जुनं पान फेकून देणाऱ्याला मी तरी माफ करणार नाही. आणि साइटचा पाटाच नळीवर हलत असेल, तर कथलाचा मऊ डाग हा शेवटचा सभ्य उपाय. कथील-शिशाचं योग्य मिश्रण १८३ अंशांवरच वितळतं, तेवढ्या आचेने नळीचं काही बिघडत नाही. वेल्डिंग किंवा पितळी डाग म्हणजे नळी लाल होईपर्यंत आच. त्या नळीतून पुढे कुणी गोळी झाडावी असं मला वाटत नाही, झाडणारा जवळ उभा असेल तर मी दूर जाईन.

ढिलेपणाचा एक इलाज खुद्द रायफल बनवणाऱ्यांनीच केला, तो सगळ्यांत हुशार. १९३९ मध्ये मंजूर झालेल्या ‘नंबर फोर’ ली-एनफील्डमध्ये मागचं साइट नळीवरून उचलून अगदी मागे, बोल्टपाशी नेलं. खाचेच्या जागी गोल छिद्र आलं आणि पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर साडेएकोणीस इंचांवरून अठ्ठावीस इंचांच्याही पुढे गेलं. तोच अर्धा मिलिमीटरचा ढिलेपणा आता शंभर मीटरवर दहाऐवजी सात सेंटीमीटरच्या आतच चूक करतो. सांधा तेवढाच हलतो, पण त्याचा उपद्रव एक तृतीयांशाने कमी. आपल्याकडे मात्र ईशापूरने जुन्या मार्क थ्रीलाच धरून ठेवलं, आणि १९६२ च्या चीन युद्धानंतर सात पॉइंट सहा दोन मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी जी रायफल काढली तिचंही साइट जुन्याच जागी, नळीवरच, राहिलं. त्या मापाची काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यातून येत. काडतूस बदललं, माशी तीच.

उस्तादांनी त्या दिवशी ती रायफल बाजूला काढली, कोतच्या वहीत ‘फोरसाइट लूज’ अशी नोंद केली आणि मला दुसरी दिली. त्या रायफलीने मी पाच गोळ्यांचा एक इंचाचा ग्रुप मारला, असं सांगायला मला आवडलं असतं. दोन इंचांचा झाला. पण तो एकच होता.

तुमचा मुलगा किंवा मुलगी एनसीसीत असेल आणि कॅम्पवरून दोन टोळक्यांचा कागद घेऊन घरी आली, तर रागावू नका. पुढच्या वेळी फायरिंगआधी उस्तादांना सांग म्हणावं, ‘‘सर, एकदा माशी बघता का?’’